नेदरलँड्सचा हिवाळा: चित्रे आणि नातलग

आम्स्टरडॅममध्ये डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो. मुंबईत त्याच दिवशी तो ४७ अंशांच्या वर चढतो. बर्फ क्वचितच पडतो. जानेवारीचे सरासरी तापमान तीन-चार अंशांच्या आसपास असते, पण समुद्रावरून येणारा वारा आणि भुरभुर पाऊस यांमुळे गारठा हाडांत शिरतो. हिंडण्याजोगा दिवस दहाला सुरू होतो आणि चारला संपतो. नोकरीनिमित्त आम्स्टेलफेन येथे राहणाऱ्या पुण्याच्या एका दांपत्याने असा हिवाळा चित्रसंग्रहालयांत आणि नातलगांच्या घरी घालवला. आम्स्टेलफेन हे आम्स्टरडॅमला खेटून असलेले शहर. भारतीय कुटुंबांची वस्ती तिथे मोठी आहे.

पर्यटक या देशात एप्रिलमध्ये ट्युलिपसाठी येतात. चित्रांसाठी मात्र हिवाळाच खरा. सतराव्या शतकातली डच चित्रे मुख्यतः चर्चसाठी किंवा दरबारासाठी नव्हे, तर व्यापारी आणि कारागिरांच्या घरांसाठी काढली गेली. खिडकीतून तिरपा येणारा मंद उजेड, दिव्याभोवती जमलेली माणसे, गोठलेले कालवे हे त्यांचे विषय आहेत. बाहेर तसाच उजेड असताना ती पाहिली, की चित्रकाराने काय पाहिले होते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तेथील रहिवासी ‘म्युझियमकार्ट’ नावाचे वार्षिक कार्ड घेतात. त्यावर देशभरातल्या चारशेहून अधिक संग्रहालयांत वर्षभर जाता येते. एकदा पैसे भरले की तासाभरासाठी, एकाच चित्रासाठीही आत डोकावता येते. दिवसभरात सारे संग्रहालय उरकण्याची घाई या दांपत्याला करावी लागली नाही, हे या कार्डामुळेच.

राइक्सम्युझियम वर्षाचे ३६५ दिवस उघडे असते, नाताळलाही. पिएर कायपर्स या वास्तुविशारदाची ही इमारत १८८५ मध्ये खुली झाली; दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर एप्रिल २०१३ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी उघडली. इमारतीच्या पोटातून जाणाऱ्या रस्त्यावरून सायकली धावतात. बहुतेक पाहुणे थेट रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’कडे (१६४२) जातात. हिवाळ्यात आधी थांबावे ते हेंड्रिक आव्हरकांपच्या चित्रापाशी. १६०८ च्या सुमारास ओकच्या फळीवर काढलेल्या या चित्रात एक सबंध गाव बर्फावर उतरले आहे. आव्हरकांप मुका होता. कांपेन गावचा मुका म्हणूनच तो ओळखला जाई. युरोपात तो काळ कडक थंडीचा होता, त्याला ‘छोटे हिमयुग’ म्हणतात. चित्रात क्षितिज खूप वर धरले आहे, त्यामुळे एखाद्या उंच खिडकीतून पाहावे तशी माणसे दूरपर्यंत पसरलेली दिसतात. कोणी घसरतो आहे, कोणी पडला आहे, कोणी पाणी भरतो आहे. श्रीमंत स्त्रिया आणि ओझेवाले एकाच बर्फावर आहेत. डाव्या कोपऱ्यात मेलेल्या जनावराचे कलेवर कुत्रा आणि कावळा तोडताहेत, शेजारी पाखरांसाठी जुन्या दाराचा सापळा लावला आहे. थंडी या चित्रात जत्रा भरवते आणि जीवही घेते. दोन्ही गोष्टी एकाच फळीवर, एकाच शांत नजरेने मांडल्या आहेत, म्हणून या चित्रापुढून पाय निघत नाही.

इथलेच यान स्टेनचे ‘संत निकोलसचा सण’ हे चित्र (सुमारे १६६५-६८) पाहायला ५ डिसेंबरच्या आसपासचे दिवस उत्तम. त्या संध्याकाळी डच घरांत सिंटरक्लासच्या, म्हणजे संत निकोलसच्या, भेटवस्तू उघडल्या जातात आणि दुकानांत मसाल्याची छोटी बिस्किटे, पेपरनोटन, यांच्या पिशव्या रचलेल्या असतात. स्टेनच्या चित्रात लहानग्या मुलीला बाहुली आणि खाऊ मिळाला आहे. मोठा मुलगा रडतो आहे, कारण त्याच्या बुटात छडी निघाली. तो बूट हातात धरून बहीण हसते आहे. मागे आजी पलंगाचा पडदा सारून त्याला खुणावते, त्याच्यासाठीही काही लपवून ठेवले असावे. दांपत्यातल्या पत्नीचे आईवडील त्याच सुमारास पुण्याहून आले होते. या देशाची कुठलीही माहिती नसलेल्या आईंना आजीची ती खूण पहिल्या नजरेतच दिसली.

याच संग्रहालयाशी महाराष्ट्राचाही एक धागा जुळतो. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. सतराव्या शतकातल्या कोकणच्या आणि विजापूरच्या घडामोडींची नोंद डच कागदपत्रांत आहे ती यामुळेच. आम्स्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्या संग्रहातला गोवळकोंडा शैलीतल्या व्यक्तिचित्रांचा अल्बम राइक्सम्युझियमकडे आहे आणि त्यात शिवाजी महाराजांचे चित्र आहे. कागदावरचे रंग उजेडाने उडतात, त्यामुळे अशी चित्रे कायम मांडून ठेवता येत नाहीत. ती संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठी करून पाहावीत. रेम्ब्रांटनेही मुघल लघुचित्रे समोर ठेवून रेखाटने केली होती. वडिलांनी ही सारी माहिती वहीत उतरवून घेतली.

वृद्ध पाहुण्यांसाठी हिवाळा अवघड जाईल अशी धास्ती अनेकांना वाटते. आईवडील सहसा मे-जूनमध्येच बोलावले जातात. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि उन्हाळ्यातले ते दिवस गर्दीत व रांगांत सरतात. थंडीत ट्रॅम उबदार असतात, संग्रहालयांत चाकाची खुर्ची मिळते, बाकांवर हवे तितके बसता येते. अंगावर एक जाड कोट चढवण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे. वर्षाअखेरीस रस्त्यांवरच्या गाड्यांत ऑलिबोलेन तळले जातात. आंबवलेल्या पिठाचे, बेदाणे घातलेले हे गोळे वरून पिठीसाखर भुरभुरून देतात. ते गरमच खावेत.

द हेगमधले मॉरित्सहाउस हे छोटे संग्रहालय एका दुपारी पाहून होते. व्हर्मीरचे ‘मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी’ १८८१ च्या लिलावात दोन गिल्डरना गेले होते. घेणाऱ्याने ते मृत्युपत्राने संग्रहालयाला दिले. गर्दी त्या मुलीपुढे असते. त्याच्याच ‘डेल्फ्टचे दृश्य’पुढे अधिक वेळ द्यावा, कारण ढगांखालून एका छपरावर पडलेले ऊन त्या देशात राहणाऱ्यालाच नीट कळते. द हेगमध्ये सुरीनाममधून आलेल्या हिंदुस्तानी लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांचे पूर्वज भारतातून करारावरचे मजूर म्हणून तिकडे गेले. ‘लल्ला रूख’ हे त्यांचे पहिले जहाज ५ जून १८७३ रोजी सुरीनामला पोहोचले. त्यांच्या दुकानांत भारतीय किराणा मिळतो. संक्रांतीचे तीळ आणि चुरमुरे तिथूनच घेतले.

ते सामान आइंडहोफनला जायचे होते. तिथे पतीची मावसबहीण राहते आणि तिच्या बाळाची ती पहिली संक्रांत होती. बोरन्हाण आठवड्याच्या शेवटी, सुट्टीच्या दिवशी ठेवले गेले. परदेशातले सण असेच शनिवार-रविवारकडे सरकतात. बोरे मिळाली नाहीत, त्याऐवजी द्राक्षे आणि चॉकलेटच्या गोळ्या चुरमुऱ्यांत मिसळल्या. हलव्याचे दागिने आजीने भारतातून पाठवले होते. शेजारच्या डच मुलांनी खाली सांडलेला खाऊ मनापासून गोळा केला. काळे कपडे घालायचा मराठी रिवाज त्या देशात सहज खपून जातो, हिवाळ्यात तिथे बहुतेकांचे कोट काळेच असतात.

आइंडहोफनला लागून असलेले न्यूनेन हे गाव व्हिन्सेंट व्हॅन गॉगमुळे प्रसिद्ध आहे. डिसेंबर १८८३ मध्ये, तिशीत, हातात पैसा नसताना तो आईवडिलांच्या घरी परतला आणि १८८५ च्या अखेरपर्यंत तिथे होता. वडील पाद्री होते. त्यांचे घर अजून उभे आहे आणि रस्त्यापलीकडच्या संग्रहालयाच्या खिडकीतून दिसते. जानेवारी १८८४ मध्ये आईचा पाय मोडला. तिच्यासाठी त्याने वडिलांच्या छोट्या चर्चचे चित्र काढले. मार्च १८८५ मध्ये वडील वारले. त्यानंतर त्याने त्याच चित्रात चर्चमधून बाहेर पडणारी माणसे रंगवली, त्यांतल्या काही स्त्रिया शोकाच्या शालींत आहेत. हे चित्र २००२ मध्ये आम्स्टरडॅममधून चोरीला गेले आणि २०१६ मध्ये इटलीत नेपल्सजवळ सापडले. आकाराने ते लहान आहे. घरातल्या आजारपणाची आणि मृत्यूची नोंद इतक्या थोडक्यात कुठल्या पत्रातही क्वचितच सापडेल.

१८८४-८५ च्या हिवाळ्यात व्हॅन गॉगने न्यूनेनच्या शेतकऱ्यांचे चेहरे एकामागून एक रंगवले. झोपड्यांत उजेड कमी असे, त्यामुळे रंगही मातीसारखे झाले. त्या तयारीतून ‘बटाटे खाणारे’ हे चित्र आले. पाच माणसे एका दिव्याखाली जेवताहेत. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात आहेत, हे त्याला दाखवायचे होते. आइंडहोफन आणि न्यूनेन यांना जोडणाऱ्या सायकलमार्गाचा सुमारे ६०० मीटरचा तुकडा २०१४ पासून रात्री चमकतो. दान रोझगार्ड या कलावंताने त्यात दिवसा उजेड साठवणारे खडे बसवले आहेत आणि त्यांची नक्षी व्हॅन गॉगच्या ‘तारकांकित रात्र’ या चित्रावरून सुचलेली आहे. उन्हाळ्यात तो पाहण्यासाठी जवळजवळ अकरापर्यंत जागावे लागते. जानेवारीत संध्याकाळी सहाला बाळगाडी घेऊन सगळे घर तिथे जाऊ शकते. तसेच ते गेलेही.

फेब्रुवारीत कडक थंडी पडली तर कालवे गोठतात, अलीकडे २०२१ मध्ये गोठले होते. फ्रीसलँड प्रांतातल्या अकरा शहरांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची स्केटिंग शर्यत १९०९ पासून फक्त १५ वेळा होऊ शकली. शेवटची जानेवारी १९९७ मध्ये झाली. तिला पूर्ण मार्गावर सुमारे १५ सेंटिमीटर जाडीचा बर्फ लागतो. आव्हरकांपची जत्रा आता अनेक पिढ्यांतून एकदाच दिसेल की काय, ही काळजी डच माणसे मोकळेपणाने बोलून दाखवतात.

फेब्रुवारीतच आम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात जाऊन ‘बदामाचा मोहोर’ पाहावा. तिथे जाण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. ३१ जानेवारी १८९० रोजी व्हॅन गॉगचा धाकटा भाऊ थिओ याला मुलगा झाला आणि त्याचे नाव काकावरून व्हिन्सेंट ठेवले. व्हिन्सेंट तेव्हा दक्षिण फ्रान्समध्ये होता, तिथे बदाम फेब्रुवारीतच फुलतो. काकाने पुतण्यासाठी निळ्या आकाशावर त्या फांद्या रंगवल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हिन्सेंट गेला, पाठोपाठ जानेवारी १८९१ मध्ये थिओही. थिओची विधवा योहाना हिने चित्रे सांभाळली, प्रदर्शने भरवली आणि १९१४ मध्ये व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध केली. बाळ मोठे होऊन इंजिनिअर झाले. त्याच्या पुढाकाराने १९६२ मध्ये घरातला सारा संग्रह एका प्रतिष्ठानाकडे सोपवला गेला, आणि १९७३ मध्ये त्या संग्रहासाठी बांधलेले हे संग्रहालय उघडले.