बिनचेहऱ्याची आई

माझ्या अम्मीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. १९७१ साली ती गेली तेव्हा मी सातवीत होतो. घरात कॅमेरा असण्याचा प्रश्नच नव्हता आणि तालुक्याच्या गावी स्टुडिओत जाऊन बायकोचा फोटो काढून घेणं अब्बांना पटणारं नव्हतं. त्यामुळे अम्मी गेली ती पूर्णपणे गेली. राहिलं ते तिचं हिरवं लुगडं, पितळी डबा आणि माझ्या आठवणीतला तिचा आवाज.

आमचं गाव पंढरपूरजवळचं. अब्बा मणेर. आषाढीला बांगड्यांची पेटी घेऊन ते पंढरपूरला जात. वारकरी बाया त्यांच्यापुढे बिनदिक्कत हात करत आणि 'भाऊ, जरा जपून' म्हणत. अब्बा पाच वक्ताचे नमाजी. पेठेत बसूनही त्यांची जोहरची नमाज कधी चुकली नाही. माणूस प्रेमळ, पण एका बाबतीत कडक होते. मी कोळशाने भिंतीवर घोडा काढला की ते निमूटपणे चुन्याचं बोळकं आणून तो पुसून टाकत. म्हणत, "झाडां निकाल, पहाडां निकाल, फुलां निकाल. जानदार की तसवीर नक्को निकाल. कयामत के दिन अल्लामियाँ बोलेगा, अब इसमें जान डाल. तू डालेगा क्या?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण हात थांबत नव्हता.

घोडा मी का काढत होतो, ते मला पुढे कळलं. आमच्या गावात मोहरमला पीर बसत. हिंदू-मुसलमान दोघांच्याही घरून चोंगे येत, सरबत वाटलं जाई, अलाव्यात निखारे फुलत. पंजांमध्ये एक नालसाहेबांची सवारी असे. घोड्याच्या नालेचा आकार, त्यावर शेल्यांचे ढीग. ती सवारी खेळायला लागली की म्हातारी माणसं रडत. मी अम्मीला विचारलं, "घोडा कुठाय?" ती म्हणाली, "घोडा करबला से अकेला आया. उसके ऊपर कोई नै था." पाठीवर कोणी नसलेला तो घोडा माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

पुढे एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, ए.टी.डी. केलं आणि एका शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून चिकटलो. मकबूल फिदा हुसेन हे नाव ए.टी.डी.ला असताना ऐकलं. हा माणूस आपल्या पंढरपूरचा, १९१५ साली तिथे जन्मलेला, हे कळल्यावर ऊर भरून आला. त्यांचे आजोबा कंदील बनवत. वडील पुढे इंदूरच्या कापड गिरणीत नोकरीला गेले. मुलाला बडोद्याच्या मदरशात घातलं. तिथे तो खत्ताती, म्हणजे अरबी सुलेखन शिकला. नंतर मुंबईत येऊन सिनेमाचे बोर्ड रंगवले, लाकडी खेळणी तयार केली आणि १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर 'प्रोग्रेसिव्ह' गटात उभा राहिला. हे सगळं पुस्तकांत आहे. मला त्यातल्या दोनच गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्या माझ्याही आहेत.

पहिली घोड्याची. हुसेनच्या घोड्यांविषयी समीक्षक वेग, शक्ती, पौरुष असे शब्द वापरतात. १९५२ साली ते चीनला गेले आणि तिथल्या चित्रकारांचे घोडे त्यांनी पाहिले, हेही खरं. पण त्यांचा पहिला घोडा मोहरमचा होता. इंदूरच्या गल्लीत लहानपणी पाहिलेल्या मिरवणुकीतला, ज्याला आपण सगळे दुलदुल म्हणतो तो. जाणकार सांगतील की दुलदुल हे रसूलुल्लाहच्या खेचराचं नाव आणि इमाम हुसैनचा घोडा झुलजनाह. असू द्या. आपल्याकडच्या गल्लीत तो दुलदुलच आहे. हे ठाऊक झाल्यावर मी ती चित्रं पुन्हा पाहिली. मान मागे फेकलेली, जबडा उघडा, दात विचकलेले, डोळे फाटलेले. ही शर्यतीच्या घोड्याची अवस्था नाही. हा जनावराचा आक्रोश आहे. आणि किती घोड्यांच्या पाठीवर कोणीच नाही!

दुसरी गोष्ट आईची. हुसेन दीड वर्षाचे असताना त्यांची आई वारली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता आणि तिचा फोटोही नव्हता. १९८० च्या सुमारास त्यांनी मदर तेरेसांची चित्रं काढायला सुरुवात केली. मी ती पहिल्यांदा एका रविवार पुरवणीत पाहिली, तीही साध्या छपाईत. पांढरी साडी, निळा काठ, साडीच्या चुण्या, मांडीवर एक उघडं पोर. आणि पदराच्या आत, जिथे चेहरा हवा तिथे काळोख. लोक म्हणाले, ही त्यांची शैली. हुसेन स्वतः सांगत, की त्यामागे न आठवणारी आई आहे.

पुरवणीचा तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसलो. कारण तसंच एक चित्र माझ्या ट्रंकेत होतं.

ए.टी.डी.च्या शेवटच्या वर्षी, १९७८ साली, मी अम्मीचं चित्र काढायला बसलो होतो. चुलीपुढे बसलेली, हिरवं लुगडं, गुडघ्यावर कोपर. हात जमले, बांगड्या जमल्या. मणेराच्या बायकोच्या हातात काचेच्या बांगड्या नसतील तर कोणाच्या असणार! पदर जमला. चेहऱ्याशी आलो आणि थांबलो. डोळे आठवले की हनुवटी जाई, हनुवटी आठवली की कपाळ जाई. चार दिवस खाडाखोड केली. शेवटी कागद फाटायला आला तेव्हा पदराच्या आतली जागा कोरीच ठेवली. ते चित्र कोणाला दाखवलं नाही. गुरुजींनी अपुरं म्हटलं असतं आणि अब्बांनी गुनाह.

१९८५ सालच्या ईदची गोष्ट. बायकोने घर आवरताना ट्रंक उघडली आणि ते चित्र ओसरीवर आलं. अब्बा तिथेच तसबीह घेऊन बसले होते. मी बाहेरून आलो तेव्हा चित्र त्यांच्या हातात होतं. माझ्या पोटात गोळा आला. सत्ताविसाव्या वर्षीही चुन्याचं बोळकं आठवलं.

अब्बा म्हणाले, "पल्लू ऐसाच लेती थी वो. एक कान भार."

मी गप्प.

"फिर मूं कायकू नै निकाला?"

"याद नै आया, अब्बा."

त्यांनी चित्र जरा लांब धरलं, मग जवळ घेतलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मेरेकू भी अब याद नै आता."

त्यांनी चित्र फाडलं नाही, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, की नमाजच्या खोलीत लावू नको, तुझ्या खोलीत ठेव. १९९१ साली ते गेले. त्या सहा वर्षांत ते अधूनमधून माझ्या खोलीत येऊन उगाच काहीतरी शोधल्यासारखं करत. काय शोधत होते, ते मी कधी विचारलं नाही.

त्या दिवसापासून हुसेनची चित्रं मला वेगळी दिसू लागली. घोड्यावर स्वार नाही, आईला चेहरा नाही. जे सर्वांत प्रिय, नेमकं तेच चित्रात नाही आणि सगळं चित्र त्याच्याचभोवती उभं आहे. मशिदीच्या मेहराबीत काय असतं? काहीच नसतं. तरी सगळ्यांची तोंडं तिकडेच असतात. हुसेन मदरशातून काय घेऊन बाहेर पडले असं मला कोणी विचारलं, तर मी खत्तातीच्या आधी ही रिकामी जागा सांगेन. अब्बांच्या मनाईत एक शहाणपण होतं, ते मला मनाई मोडल्यावर कळलं. काही गोष्टी काढता येत नाहीत. मात्र त्यांची जागा राखता येते.

त्यांचं १९५६ सालचं 'कोळी आणि दिवा यांच्यामध्ये' या अर्थाच्या नावाचं चित्र आहे. पाच स्त्रिया, वर दिवा, एकीच्या हातातून धाग्याने लोंबणारा कोळी आणि वरच्या बाजूला कोणालाच न वाचता येणारी अक्षरं. समीक्षकांनी त्यात बरंच काही पाहिलं. मला मात्र सौरच्या गुहेच्या तोंडावर जाळं विणणारा कोळी आठवतो आणि सूरह नूरमधला कोनाड्यातला दिवा. चित्रकाराच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. पण पाहणाऱ्याचंही एक बालपण असतं आणि माझं बालपण त्या गोष्टी ऐकत गेलं. शिवाय तो दिवा पंढरपूरच्या आजोबांच्या कंदिलाचा नातेवाईक असणार, असं मला आपलं वाटतं.

याच माणसाने राममनोहर लोहियांच्या सांगण्यावरून रामायणाची चित्रमालिका केली. वर्षानुवर्षं खपून दीडेकशे कॅनव्हास रंगवले. वाल्मीकी आणि तुलसीदास समजून घेतले आणि ती चित्रं हैदराबादजवळच्या खेड्यांत नेऊन लोकांना दाखवली. १९६४ साली गजानन माधव मुक्तिबोधांच्या अंत्ययात्रेत चपला सोडल्या, त्या पुन्हा घातल्या नाहीत. मुक्तिबोध हिंदीचे कवी, पण मराठी घरातले. पंढरपूरचा माणूस अनवाणी चालला यात मला नवल वाटत नाही. आमच्या रस्त्याने दरवर्षी लाखो लोक तसेच जातात.

आता जे सांगायचं आहे ते सोपं नाही.

देवींच्या काही जुन्या चित्रांवरून १९९६ पासून वाद पेटला. ज्यांची मनं दुखावली त्यांचं दुखणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण प्रदर्शनं फोडली गेली, ठिकठिकाणी खटले भरले गेले आणि २००६ साली नव्वदीतल्या म्हाताऱ्याने देश सोडला. त्याच वर्षी आमच्या शाळेच्या चित्रकला वर्गातल्या भिंतीवर हुसेनच्या घोड्याचं एक छापील चित्र होतं. मीच फ्रेम करून लावलेलं. गावातली काही माणसं मुख्याध्यापकांना भेटून गेली. मुख्याध्यापक भले गृहस्थ. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, तेवढं काढून ठेवा."

मी काढलं. एक शब्द बोललो नाही. घोडाच होता तो, देवी नव्हे, एवढंही बोललो नाही. मधल्या सुट्टीत स्टुलावर चढलो, फ्रेम उतरवली, कपाटामागे ठेवली आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात एका नातेवाइकाच्या कानावर ही गोष्ट गेली. ते म्हणाले, "बरं झालं. तो कुठला मुसलमान?" त्यांच्या मनात २००४ सालचा हुसेनचा 'मीनाक्षी' चित्रपट होता. त्यातल्या कव्वालीत कुरआनमधले शब्द वापरल्याबद्दल उलेमांनी आक्षेप घेतला होता आणि तो थिएटरांतून काढून घ्यावा लागला होता. म्हणजे दोन्हीकडची माणसं माझ्यावर खूश होती. इतका एकटा मी कधीच नव्हतो. मुलांना वीस वर्षं शिकवत होतो, की रेघ मारताना हात कापू देऊ नका. माझा हात स्टुलावरही कापला नाही. कापायला हवा होता.

२००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे खटले रद्द केले. तरी ते परतले नाहीत. २०१० साली त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये वारले. तिथल्याच मातीत दफन झाले. चंद्रभागेकाठी जन्मलेल्या माणसाला चंद्रभागेकाठची माती मिळाली नाही. त्या दिवशी मी घरात गायबाना दुआ केली. शाळेत मात्र काही बोललो नाही. दुसऱ्यांदा.

माझा एक भाचा दोह्यात नोकरीला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे हुसेनचं संग्रहालय सुरू झालं. इमारतीची कल्पना त्यांच्याच एका रेखाटनातली आणि नाव 'लौह व कलम'. तख्ती आणि लेखणी. मदरशातल्या पोराची पहिली दौलत. भाच्याने मोबाइलवर फोटो पाठवले. निळी इमारत बघताना मला त्या पांढऱ्या साडीचा निळा काठ आठवला.

मग कपाटामागची फ्रेम काढली. २०१६ साली निवृत्त होताना ती मी घरी आणली होती. काच तडकली आहे, कागदाला एका कोपऱ्यात कसर लागली आहे. नवी काच घालून घेतली. सध्या ती अम्मीच्या चित्राशेजारी आहे. इकडे चेहरा नाही, तिकडे स्वार नाही.

शाळेच्या भिंतीवरचा खिळा अजून तसाच आहे, असं आताच्या चित्रकलेच्या बाई सांगतात. मी अजून तिकडे गेलेलो नाही.