७३ चेंडू

२८ ऑक्टोबर २०२०ची सकाळ. अमेरिकेत अजून २७ची रात्र. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना मी मोबाईलवर लावला होता. बाबा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. त्यांना बेसबॉलमधलं काही कळत नाही. पण टॅम्पा बेचा ब्लेक स्नेल डॉजर्सना नाचवतोय, हे कळायला नियम लागत नाहीत. पहिल्या तिघा बॅटर्सना त्यानं दोन-दोनदा बाद केलं होतं, सहाही स्ट्राइकआउट.

सहाव्या इनिंगमध्ये, १-० पुढे असताना, मॅनेजर केविन कॅश मैदानात आला आणि त्यानं स्नेलला बाहेर काढलं. फक्त ७३ चेंडू टाकून झाले होते.

"दमला का तो?" बाबांनी विचारलं.

"नाही. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की पिचर जास्त मार खातो, असं आकडे सांगतात."

मुकी बेट्सनं नव्या पिचरला लगेच डबल मारला. बघता बघता डॉजर्स २-१ पुढे गेले. शेवटी ३-१ने सामना त्यांचा, सिरीजही त्यांचीच.

त्याच जूनमध्ये कंपनीनं बाबांना घरी बसवलं होतं. ती यादीही आकड्यांवरूनच निघाली होती. कदाचित आकडे चुकीचे नसतीलही.

डगआउटमध्ये बसलेल्या स्नेलकडे बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "निदान त्याला विचारायचं तरी."