ठसा

आमचे चिरंजीव झांबियाला जाऊन आले. तिथल्या लुआंग्वा खोऱ्यात नॉर्मन कार यांनी रुजवलेली पायी सफारी त्यांनी केली. पुढे बंदूकवाला, मागे एका रांगेत पाहुणे, तोंडाला कुलूप! "बाबा, तुम्हाला नाही झेपायचं," हे वर ऐकवले. ते मला लागले.

पुढे राळेगणसिद्धीला स्नेह्याकडे गेलो, तेव्हा हट्टाने पहाटेच एका म्हाताऱ्या शेतकऱ्यामागे टेकडी चढू लागलो. त्याच्या हाती नुसती काठी. १९७५ साली अण्णा हजारे गावी परतले, त्यानंतर गावाने इथे चर खणले, नाले अडवले, झाडे लावली. अशाच एका चराच्या ओल्या मातीत म्हातारा वाकला.

"बिबट्या. रातचाच हाय. कुत्र्याचं नख उमटतं, ह्याचं आत असतंय."

माझे पाय लटपटू लागले.

"भ्या वाटलं व्हय, पाव्हणं? पूर्वी हितं सावलीबी नव्हती. आता ह्यो येतोय, म्हंजी डोंगर जिता झाला!"

घरी चिरंजीवांनी विचारले, "काय दिसलं?"

"ठसा," मी ऐटीत म्हणालो. उतरताना माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसाचा हात धरला होता, ते मात्र सांगितले नाही!