वडिलांचा भाडेकरू

माणसाने नम्र असावं, पण मोजणीला आलेल्या माणसासमोर असू नये, हा धडा मी उतारवयात शिकलो. आणि तोही अर्जाला तिकीट लावून.

झालं असं. आमच्या गावात (गावाचं नाव सांगत नाही, नगरपालिका एकच आहे आणि नळ तिच्या हातात आहे) दर चार वर्षांनी घरपट्टीची फेरआकारणी होते. कायद्यातच तशी तरतूद आहे. त्याप्रमाणे एक पोरगेलासा तरुण टेप आणि टॅब घेऊन दारात उभा राहिला. त्याने खोल्या मोजल्या, गच्ची मोजली, न्हाणीघर मोजलं आणि मग विचारलं, "मालक कोण?"

मी भिंतीवरच्या नानांच्या फोटोकडे बोट दाखवलं. म्हटलं, "घर त्यांचं. आम्ही आपले राहतो."

आता तुम्हीच सांगा, यात काय चुकलं? या वाक्यात नम्रता आहे, वडिलांविषयी आदर आहे, हार घातलेल्या फोटोला शोभेल असा किंचित जड आवाजही मी लावला होता. पण टॅबमध्ये जड आवाजाचा रकाना नसतो. दीड महिन्याने नोटीस आली. मालक : नाना. भोगवटादार : मी. वापर : भाड्याने. आणि पट्टी जवळजवळ अडीचपट!

"अगं, मी नानांचा भाडेकरू झालो," मी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं.

"भाडं किती?" सौ. म्हणाली. तिचा स्वभाव पहिल्यापासून मुद्देसूद.

संध्याकाळी नोटीस घेऊन मी समोरच्या बापूसाहेबांकडे गेलो. बापूसाहेब बँकेतून निवृत्त झालेत, म्हणजे बँकेने त्यांना निवृत्त केलंय. त्यांनी बँकेला अजून सोडलेलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाले, "यात नवल काय? आपण सगळेच भाडेकरू आहोत."

मला वाटलं, आता अध्यात्म येणार. पण आलं ते करशास्त्र. घर तुमचं असो, तुम्ही त्यात जन्मलेले असा. पुष्कळ गावांत पालिका मनाशी अशी कल्पना करते की, हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला काय येईल? त्याला म्हणायचं वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, आणि उरेल त्यावर कर. मुंबईने २०१० पासून ही पद्धत सोडून घराच्या किमतीवर कर धरला; बाकी कित्येक ठिकाणी मालक अजून स्वतःच स्वतःचा काल्पनिक भाडेकरू असतो. माझी चूक एवढीच की माझा मालक भिंतीवर होता.

"पण मी स्वतःच्या घरात राहतो, हे उघड आहे ना?"

"पालिकेत उघड काही नसतं. सवलत पाहिजे असेल तर सिद्ध करायचं. पुण्याचं बघा. स्वतः घरात राहणाऱ्याला तिथे १९७० पासून ४० टक्के सवलत होती. २०१९ मध्ये ती काढून घेतली. फरकाच्या रकमा घरोघर गेल्या, ओरड झाली, आणि २०२३ मध्ये सरकारने ती परत दिली. पण फॉर्म भरून घेऊन! आपण आपल्याच घरी राहतो याचे पुरावे जोडून पुणेकर रांगेत उभे राहिले."

पुणेकराला स्वतःचं घर स्वतःचं असल्याचा पुरावा मागणं, ही गोष्ट नुसती ऐकून माझं निम्मं दुःख हलकं झालं.

"आणि मुंबई?" मी आशेने विचारलं.

"२०२२ च्या जानेवारीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर माफ झाला." तेव्हा मला आठवलं, त्याच महिन्यात माझ्या मुंबईच्या मेव्हण्याने फोन करून "आमचं घर फारच लहान हो!" असं आयुष्यात प्रथमच अभिमानाने सांगितलं होतं.

पण बापूसाहेब गंभीर झाले. आमच्या पालिकेने पाण्याच्या योजनेसाठी कर्ज काढायचं ठरवलंय, त्याकडे त्यांची गाडी वळली. "कर्ज मागायचं तर देणाऱ्याला काहीतरी दाखवावं लागतं. पूर्वी जकात दाखवता यायची. अहमदाबादने १९९८ साली राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले, ते जकातीच्या जोरावर. आपल्याकडची जकात टप्प्याटप्प्याने गेली. मुंबईची शेवटपर्यंत टिकली होती, तीही २०१७ मध्ये जीएसटी आला आणि गेली. आता दाखवायला उरली घरपट्टी. पुण्याने त्याच २०१७ मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्क्यांनी. हमी कशाची? घरपट्टीच्या वसुलीची. म्हणजे कर्जाच्या कागदावर अंगठा तुमच्या उंबरठ्याचा! म्हणून प्रत्येक माफी म्हणजे हप्त्याच्या पिशवीला पडलेलं भोक. एकाला माफ केलं की दुसऱ्याकडून काढायचं, नाहीतर नळ कोरडा."

"आणि आपण थकवली तर?"

"दरमहा २ टक्के शास्ती."

मी बोटांवर हिशेब केला. वर्षाचे चोवीस. म्हणजे बाजारातून घ्यायचं साडेसात टक्क्यांनी आणि आमच्याकडून वसूल करायचं चोवीसने! पूर्वीचा सावकार निदान बसायला पाट देत असे.

हरकत नोंदवली. सुनावणीची तारीख मिळाली. समोरचा कारकून माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आणि त्याच्यापेक्षा पुष्कळच समजूतदार होता.

"काका, भाडेकरार आहे?"

"नाही."

"भाडेपावत्या?"

"अहो, वडील मुलाला पावती देतात का?"

"म्हणजे भाडं थकलंय," मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं आणि सगळी कचेरी हसली. खरं सांगतो, मीही हसलो. पण ते वाक्य घरी येईपर्यंत कानात राहिलं.

कारकून म्हणाला, "काका, वडील जाऊन सात वर्षं झाली. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि अर्ज द्या, तुमचं नाव लावू. वापर 'स्वतः' झाला की पट्टी जागेवर. आजवर नाव का नाही लावलंत?"

"आळस," मी म्हणालो.

आळस नव्हता. नाना दर एप्रिलला पहिल्या आठवड्यात घरपट्टी भरून येत आणि पावती तारेला टोचून ठेवत. "आपण या गावात राहतो, त्याचं हे भाडं," असं म्हणत. घरपट्टी थकवून रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलणाऱ्या माणसाला ते आहेर न देता पंगतीत बसणाऱ्यांच्या यादीत घालत. ते गेल्यावरही बिल त्यांच्याच नावाने येई. पालिकेचा शिपाई फाटकाशी उभा राहून त्यांच्या नावाने खणखणीत हाक मारी, आणि मी आतून "आलो!" म्हणे. वर्षातून एकदा कोणीतरी नानांना हाक मारायचं. ती हाक बंद करायचा अर्ज मला सात वर्षं लिहिता आला नव्हता. पट्टी अडीचपट झाली, तेव्हा लिहिता आला. माणसाच्या भावनांना दर असतो, तो असा कळतो.

अर्ज दिला. तारेवरच्या जुन्या पावत्या पुरावा म्हणून नेल्या. त्यांवर कारकुनी अक्षरात लिहिलेलं होतं, मालक : नाना, भोगवटादार : स्वतः. कारकुनाने त्या जपून उलटल्या आणि म्हणाला, "एकही थकबाकी नाही हो!" नाना असते तर त्या पोराला त्यांनी चहा पाजला असता. मी पाजला.

परवा नवं बिल आलं. पट्टी जागेवर आली होती. शिपायाने फाटकाशी उभं राहून माझ्या नावाने हाक मारली. पहिल्यांदा कोणी उठलंच नाही, मग सौ. म्हणाली, "अहो, तुम्हालाच."

बिल उघडलं. मालकाच्या रकान्यात आधी माझं नाव, मग नानांचं, मग आडनाव. आपल्याकडची नाव लिहायची रीत किती सोयीची आहे, हे त्या दिवशी कळलं. नाना घराबाहेर गेले नव्हते; पुढच्या खोलीतून फक्त मधल्या खोलीत गेले होते.

आणि तिथे राहायचं भाडं पालिका घेत नाही. निदान पुढची फेरआकारणी होईपर्यंत तरी.