पिशवीवाली आई, पंखवाली आई

उरण तालुक्यातलं जासई हे गाव तुम्ही पाहिलंय का, मित्रांनो? जानेवारी 1984 मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी इथले शेतकरी रस्त्यावर उतरले. त्या लढ्यात पाच जण हुतात्मे झाले. आज इथून बंदराकडे कंटेनरच्या रांगा धावतात. पण जरा आडवाटेला वळलं, की खाडीकाठची खाजणं आणि पाणथळ जागा दिसतात.

गेल्या पावसाळ्यात भाच्याला घेऊन तिकडं गेलो होतो. गवतातून एक बदक बाहेर आलं. चोचीच्या टोकाला पिवळा रंग, बुडाशी तांबडे ठिपके. म्हणून तर त्याचं नाव हळदी-कुंकू बदक! मागोमाग सहा पिल्लं तुरुतुरु पाण्यात उतरली.

"मामा, हिला कांगारूसारखी पिशवी असती तर? पिल्लं आत टाकून पोहली असती!"

"पिशवीत पाणी शिरलं असतं ना रे!" मी हसलो. पण गंमत म्हणजे, अशी आई खरंच आहे. तिचं नाव यापोक. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या ओढ्यानाल्यांत राहणारा हा छोटासा शिशुधान प्राणी. शेपटी सोडली तर जेमतेम दीड वीत लांब. मागच्या पायांना बदकासारखेच पडदे. पुढच्या पायांना मात्र पडदे नाहीत. त्या बोटांनी तो रात्री पाण्यात मासे, खेकडे चाचपून पकडतो. आई बुडी मारते तेव्हा पिशवीचं तोंड स्नायूंनी घट्ट आवळून घेते. आतली पिल्लं कोरडी!

बदकाचं तंत्र निराळं. शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल ते चोचीनं पिसांना चोपडतं, म्हणून पाणी अंगावर ठरत नाही. यापोकची पिल्लं जन्मतात तेव्हा इवलीशी, आंधळी असतात. बदकाची अंड्यातून बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांत पोहायला लागतात.

मग भारी कोण? भाचा म्हणाला, "बदक! त्याला उडताही येतं."

परतताना एका खाजणावर मातीचे ढीग पडलेले दिसले. भराव चालू होता. भाचा थबकला.

"मामा, इथं बदक असेल तर?"

"उडून जाईल."

"आणि पिल्लं?"

बदकाची पिल्लं पोहतात लवकर, पण उडायला त्यांना कित्येक आठवडे लागतात. आणि त्यांना उचलून न्यायला बदकाच्या आईकडे पिशवी नसते. तिच्या पिल्लांची पिशवी म्हणजे हे पाणी आणि काठचं गवत.


भाचा घरी येईपर्यंत गप्पच होता.