काटा उरला, मासा गेला!

चेन्नईला एग्मोर स्टेशनवर उतरणारा मराठी पाहुणा सामान लॉजवर टाकतो आणि रिक्षा करून मरीना बीच गाठतो. जवळच पँथिऑन रोडवर सरकारी म्युझियम आहे, तिकडे वळतात ते फारच थोडे. वळलेच तर नटराजाच्या कांस्यमूर्ती पाहायला. पण १८५१ साली या म्युझियमचा श्रीगणेशा झाला तो मूर्तींनी नव्हे, दगडांनी! मद्रास लिटररी सोसायटीने दिलेले सुमारे ११०० दगड-खनिजांचे नमुने, हीच पहिली शिदोरी. पहिले प्रमुख डॉ. एडवर्ड बाल्फोर हुशार गृहस्थ. त्यांनी आवारात जिवंत प्राणीही ठेवले. मग काय, गर्दीच गर्दी!

दगडातल्या माशांची गोष्ट मात्र वाघ-सिंहांहून जुनी. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात काटेरी मासे होते. शेपटी सोडली तर प्रत्येक परापुढे एक टोकदार काटा. २५ कोटी वर्षांपूर्वी ते संपले. त्यांचा सांगाडा बहुतांशी कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा मऊ. तो कुजला आणि पुष्कळदा काटे तेवढे उरले. शास्त्रज्ञ आता त्यांना शार्कच्या घराण्यातलेच मानतात.

शार्क म्हणजे आपल्या मालवणातली मोरी. चेन्नईच्या कासिमेडू बंदरात तिला ‘सुरा’ म्हणतात. तिचं ‘सुरा पुट्टू’ बाळंतिणीला आवर्जून खाऊ घालतात.

या सुऱ्याचे पूर्वज पाहायचे तर एग्मोरहूनच तिरुचीची गाडी धरून अरियलूरला उतरावं. १९५६ च्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला, तेच हे अरियलूर. आज इथून समुद्र कितीतरी दूर. पण डायनासोरच्या काळात लाटा इथवर येत. इथल्या चुनखडीत शंख-शिंपले सापडतात, शार्कचे दातही. याच काळातल्या पाँडिचेरीजवळच्या खडकांतून काये आणि कनलिफ या इंग्रज अधिकाऱ्यांनी माशांचे अवशेष जमवले आणि १८४५ मध्ये एगर्टन यांनी लंडनमध्ये त्यांचं वर्णन छापलं.

गंमत अशी, की ज्या चुनखडीने हे दात जपले तीच सिमेंटचा कच्चा माल. अरियलूरभोवती सिमेंटचे कारखाने आहेत. खाण खोदली म्हणून जुना समुद्रतळ उघडा पडतो, हे खरंच. पण उघडा पडलेला थर लगेच क्रशरमध्येही जातो. बोटाच्या पेराएवढा दात ट्रक भरताना कुणाच्या नजरेला पडला तर पडला. नाहीतर तो पोत्यात जातो आणि कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये बसतो.