बँक नंबर एकमधली तूट

कार्बुरेटरच्या गाड्या बिघडायच्या त्या कशा मोकळेपणानं बिघडायच्या! १९८३ साली आलेली मारुती ८०० घ्या. तिनं रस्त्यात हट्ट धरला, की बॉनेट उघडायचं, जेट काढायचा आणि फुंकर मारायची. पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं, इतकं ते घरगुती काम. फ्यूएल इंजेक्शन आलं आणि गाड्या सरकारी झाल्या. आता गाडी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावते, आणि मेकॅनिक स्कॅनर जोडून तिचा तक्रार क्रमांक वाचतो.

आमच्या सोसायटीतल्या टॅक्सीवाल्या काकांच्या गाडीनं क्रमांक दिला, पी ०१७१. 'सिस्टम टू लीन, बँक वन.' बँकेचं नाव दिसताच काका तो कागद घेऊन थेट माझ्याकडे! इथं बँक म्हणजे सिलिंडरांची रांग, आणि लीन म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. तरी कागद मला ओळखीचा वाटला. तूट आहे एवढंच सांगतो. कुणामुळे, ते सांगत नाही.

सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत ऑक्सिजन सेन्सर नावाचा एक कारकून बसलेला असतो. जळून आलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते पाहून तो वर कळवतो, 'साहेब, हिशेब जुळत नाही.' गॅरेजवाल्याचा निकाल तयार होता: सेन्सर बदला. म्हणजे ज्यानं तूट दाखवली, त्यालाच घरी बसवा! खर्च टॅक्सीच्या एका हप्त्याएवढा, आणि हप्त्याची तारीख चार दिवसांवर.

तूट आली की आम्ही आधी बेरीज पुन्हा करतो. तीच रीत इथं. गाडी उभी असताना हिशेब बिघडतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की सुधारतो, तर समजावं, कुठून तरी हवा नोंद न करता आत शिरतेय. नळीला चीर असेल, क्लिप सैल असेल. उभी असताना ठीक, पण चढावर धापा टाकते, तर पेट्रोल कमी पडतंय. पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय, नाहीतर इंजेक्टरच्या तोंडाशी मळ बसलाय. पेट्रोलच्या नळीत दाब असतो. तिला आपण हात लावू नये, मेकॅनिकनं गेज लावून पाहावं. सेन्सरही बिघडतो, नाही असं नाही. पण त्याची चौकशी शेवटी.

काकांची गाडी उभ्या उभ्या थरथरायची. दुसऱ्या मेकॅनिकनं नुसता कान दिला. इंजिनकडे हवा नेणाऱ्या भागाला जोडलेली एक बोटाएवढी रबरी नळी फुसफुसत होती. तिथं चीर होती. नळी बदलली, क्रमांक पुसला, आणि चार दिवस टॅक्सी पळाली तरी दिव्यानं डोळा उघडला नाही. हप्ता तारखेला भरला गेला.

सेन्सर अजून तोच आहे. तूट सांगणाऱ्याची बदली करून तूट भरून निघत असती, तर आम्हां कारकुनांवर दिवेलागणीनंतर नोटा पुन्हा मोजत बसायची पाळी कशाला आली असती?